दुसऱ्या दिवशीचं फडकं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. मी स्वतःवर खूश असलेला माणूस आहे. नदीकाठच्या क्लबातलं उघड्यावरचं सगळं सागवानी सामान गेली सव्वीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. हिरवळीला लागून असलेल्या फरशीवर चौदा लांब आरामखुर्च्या, चार बाक आणि चार बुटकी टेबलं. एकूण बावीस नग. ऊन, पाऊस, कावळे आणि सभासद या चौघांनाही ती पुरून उरली आहेत. नवा सभासद आला की मॅनेजर त्याला खुर्चीच्या हातावरून हात फिरवायला लावतो आणि सांगतो की ही खुर्ची सव्वीस वर्षांची आहे. अशा वेळी मी जवळपास असलो तर नदीकडे बघत उभा राहतो. कान मात्र तिकडेच असतात.

लोकांना वाटतं, बाहेरचं सामान सांभाळायचं म्हणजे बादलीभर पाणी ओतायचं आणि झाडू मारायचा. मग ते तसं करतात, आणि चार वर्षांत खुर्ची कुरकुरायला लागते. मी वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर, प्रत्येक नग आधी पालथा घालतो. घाण खाली साचते. पायांच्या तळाशी, पट्ट्यांच्या खालच्या अंगाला, जिथे कोळ्यांची घरं असतात आणि सभासदांनी चिकटवलेली च्युइंगम असतात. क्लबातली मोठमोठी माणसं खुर्चीखाली काय चिकटवतात हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्यांच्या घरच्यांनाही नसेल. मग साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि ब्रश चालवायचा तो लाकडाच्या रेषेनं, आडवा कधीच नाही. नंतर दोन दिवस वाळवण. आणि मग तेल.

तेल अळशीचं. त्यात मी काय मिसळतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. तेलाच्या बाबतीत माझं म्हणणं एकच होतं, की बाहेरचं लाकूड तहानलेलं असतं, त्याला पोटभर प्यायला द्यायचं. दोन हात चांगले सढळ मारायचे, संध्याकाळी डबा बंद करायचा आणि घरी यायचं. रात्रभर लाकूड पीत बसेल. दुसरा दिवस माझ्या सुट्टीचा.

दुसऱ्या दिवशी आमची मंडळी क्लबात जायची. खुर्च्यांच्या गाद्या तिच्याकडे. खोळी धुणं, फोम उभा करून वाळवणं, गंजलेल्या चेन बदलणं, कडेचा पांढरा गोट पुन्हा शिवणं, हे सगळं ती घरी करायची आणि क्लबच्या टेम्पोतून एकटी जाऊन गाद्या मांडून यायची. लाकडात तिनं बोलायचं नाही आणि कापडात मी, अशी आमची वाटणी होती. आपला संसार याच वाटणीवर चालला आहे, असं मी ओळखीच्या नव्या जोडप्यांना सांगायचो. कुणी विचारलेलं नसायचं, तरी सांगायचो. गाद्या मांडायला हिला दुपार का होते, हे मात्र मला कधी कळलं नाही. सकाळी आठला गेलेली बाई तीनला परत. मला स्वतःचा चहा स्वतः करावा लागायचा आणि तो मी भांडी आपटत करायचो.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे जिना नाही, उठबस नाही. तिनं सुचवून पाहिलं की काम महिनाभर पुढे ढकलू. मी म्हटलं, खुर्च्या काय तुझ्या गुडघ्यावर उभ्या आहेत? मग ती म्हणाली की निदान तेल तरी बेतानं लावा. सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदाच लाकडात बोलली होती. मला हसू आलं. मी नेहमीसारखं सढळ हातानं तेल लावलं, गाद्या टेम्पोनं गेल्या, वेटरांनी मांडल्या, आणि मी घरी येऊन पाय पसरले.

तीन आठवड्यांनी मॅनेजरचा फोन आला. मिस्त्री, सवड काढून येऊन जा, एवढंच बोलला.

गेलो आणि बघतच राहिलो. खुर्च्या चिकट झाल्या होत्या. नुसत्या चिकट नाही, त्यांच्यावर धूळ, पिसं, गवताच्या काड्या, बिस्किटाचा चुरा असं सगळं जाऊन बसलं होतं, आणि त्याखाली मिरी सांडावी तसे काळे ठिपके. मी नखानं खरवडलं तर नखात तपकिरी डिंक आला. गाद्या उचलल्या तर सोलल्यासारखा आवाज झाला. एका सभासदाच्या पांढऱ्या पँटवर मागून पाच पट्टे उमटले होते आणि त्यानं ती पँट धुवायला न टाकता कमिटीसमोर आणून ठेवली होती. मॅनेजर मला एका शब्दानं बोलला नाही. त्याचं मला जास्त लागलं. त्यानं फक्त सांगितलं की महिनाअखेरीला कमिटी बसणार आहे. प्लॅस्टिकच्या विणीचे नवे सेट बघून ठेवलेत, फक्त पत्रावर सही व्हायची आहे. सही झाली की ही बावीसच्या बावीस भंगारात.

हातात पंधरा दिवस होते. त्यातला पहिला मी भांडण्यात घालवला. आधी तेलवाल्याकडे गेलो आणि भर दुकानात त्याला भेसळखोर म्हटलं. तो शांतपणे उठला, पिंपात बोट बुडवलं, चाटलं, आणि पुढचं गिऱ्हाईक बघायला लागला. मग मी माळ्याला धरलं, की तुझ्या पाइपाचं पाणी खुर्च्यांवर उडतं. मग वेटरांना, की तुम्ही ओल्या फडक्यानं पुसता. मग नदीला, की यंदा दमटपणा जास्त. संध्याकाळपर्यंत मी सोडून सगळं गाव दोषी ठरलं होतं.

घरी आलो तेव्हा ही स्टुलावर पाय ठेवून एका खोळीची चेन उसवत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं आधी गाद्यांचं विचारलं. खालून डागाळल्या का? म्हटलं, सगळ्या. तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"तेल पुसलं होतंत का?"

"पुसायचं कशाला? प्यायला द्यायचं असतं."

"लाकूड पितं तेवढंच पितं हो. उरलेलं वरच राहतं. ते मी पुसत होते."

मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मी विचारलं, कधी? तर म्हणाली, दर वेळी. पहिल्या वर्षी ती गाद्या मांडायला गेली तेव्हा खुर्चीला तिचं बोट चिकटलं. गाद्या नव्याकोऱ्या, पांढऱ्या गोटाच्या, तिनं चार रात्री बसून शिवलेल्या. त्या काय चिकट लाकडावर ठेवायच्या? तिनं क्लबच्या स्टोअरमधून टर्पेंटाईन मागून घेतलं, आपली जुनी चादर फाडली आणि बावीस नग पट्टी पट्टी करून पुसून काढले. मग गाद्या मांडल्या. दुपार झाली. तेव्हापासून तेच.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"त्या वर्षी तुमचा कारखाना बंद पडून तुम्ही घरी बसला होतात. आठ महिन्यांनी पहिल्यांदा शीळ वाजवत घरी आला होतात."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तुम्ही ऐकण्यातले राहिला नव्हतात."

खोटं कशाला सांगू, मला संताप आला. लाज नाही, संताप. सव्वीस वर्षं माझ्या मागून कुणीतरी माझं काम पुसत होतं आणि मी छाती काढून फिरत होतो. मी जेवलो नाही. चपला घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन तिथल्या कठड्यावर बसून राहिलो. बसल्या बसल्या हिशेब लागायला लागला. ती क्लबातून आली की कुंपणावर तेलकट फडकी एकेक पसरून वाळत घालायची. बोळा करून ठेवली तर आतल्या आत तापतात आणि पेट घेतात, हे मीच तिला कधीतरी शिकवलं होतं. ती फडकी मी दर वेळी बघायचो. गाद्यांना एवढं तेल कुठून लागतं, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. सव्वीस वर्षं, दोनदा, म्हणजे बावन्न सकाळी. बावन्न वेळा ती एकटी वाकून बावीस नग पुसत होती. गुडघा उगाच नाही गेला.

आणि मग, का ते मला सांगता येणार नाही, संतापाच्या जागी दुसरंच काहीतरी यायला लागलं. बावन्न वेळा, आणि एकाच्याही कपड्याला डाग नाही. एकदाही कुणाला पत्ता नाही, मला तर नाहीच. मी आयुष्यभर कारागिरांमध्ये वावरलो आहे. एवढं चोख काम करून गप्प राहणारा एकही मला भेटला नव्हता. आणि ही माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपत होती. मी उठलो तेव्हा माझा राग कुठे गेला होता कोण जाणे, पण अंगात एक प्रकारचा रुबाब आला होता.

घरी येऊन तिला म्हटलं, उद्या टेम्पो बोलावतो. तू खुर्चीत बसून सांग, मी करतो. तिनं तीन अटी घातल्या. हातांची खुर्ची हवी, पाय ठेवायला स्टूल हवं, आणि वेटरांच्या देखत मी वाद घालायचा नाही. पहिल्या दोन मी पाळल्या.

नऊ दिवस काम चाललं. तिची खुर्ची फरशीच्या मधोमध, कुबड्या बाजूला, पाय स्टुलावर. मी बादली, ब्रश आणि टर्पेंटाईन घेऊन जमिनीवर. गुडघा तिचा गेला होता आणि गुडघे टेकत मी होतो. आधी तो डिंक टर्पेंटाईननं सैल करायचा, रेषेनं घासायचा, पुसायचा, पुन्हा घासायचा. मग सोड्याचं गरम पाणी काळ्या ठिपक्यांना. काही ठिपके हटेनात तिथे बारीक पॉलिशपेपर, अगदी अलगद. हे सगळं मला येत होतं आणि मी ते झकास केलं, एवढं मी माझ्या तोंडानं सांगेन. पाचव्या दिवशी सागाचा मूळचा मधाळ रंग वर आला आणि माळीसुद्धा पाइप टाकून बघायला आला. मी त्याची माफी मागितली. तेलवाल्याकडेही जाऊन आलो. त्यानं चहा दिला, पण तो जरा जास्तच हसत होता.

दोन दिवस वाळवण झालं आणि तेलाचा दिवस आला. मी डबा उघडला तर हिनं मला एक वाटी दिली. म्हणाली, एका खुर्चीला एवढंच. ती वाटी बघून मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या तेलात मी पूर्वी एक पाय करायचो. पण लावलं. मग ती घड्याळ बघत बसली. पंधरा मिनिटं झाल्यावर म्हणाली, आता पुसा.

इथून पुढचं मला काहीच येत नव्हतं, आणि अडुसष्टाव्या वर्षी ते मला वीस वर्षांच्या वेटरांसमोर शिकावं लागलं. फडक्याची चौघडी करायची. प्रत्येक पट्टीला फडक्याची नवी बाजू. एक बाजू तेलकट झाली की तीच पुढच्या पट्टीवर फिरवायची नाही, नाहीतर आपण पुसत नसतो, पसरत असतो. दोन पट्ट्यांच्या फटीत चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून घालायची. हात हलका, पण मनगट घट्ट. शेवटी पातळ कागद टेकवून तळव्यानं दाबायचा. कागद चिकटला तर पहिल्यापासून. पहिल्या खुर्चीला कागद तीन वेळा चिकटला. तिसऱ्यांदा मी म्हटलं की एवढं चालतं.

"चालत असेल. माझ्या गाद्या त्यावर जाणार नाहीत," ती म्हणाली.

हातांच्या जागी तर आमचं चांगलंच वाजलं. मी म्हणत होतो, खुर्चीचा हात सगळ्यात जास्त झिजतो, तिथे तेल जरा जास्त हवं. ती म्हणाली, तिथे उलट कमी हवं, लोकांच्या हाताचं तेल तिथे रोज लागतंच. वेटर ट्रे धरून उभे राहिले. मी तावातावानं एका खुर्चीचा हात तिला दाखवायला गेलो आणि बघतो तर काय, बाकीच्या लाकडापेक्षा हात खरोखरच गडद होते, चौदाही खुर्च्यांचे, जिथे पंजा टेकतो तिथेच. सव्वीस वर्षं मी त्यांना तेल पाजत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. मी मुकाट्यानं वाटीतलं तेल डब्यात परत ओतलं. ती वेटरांना म्हणाली की ट्रेमधलं गार होतंय.

संध्याकाळी माझं मनगट सुजलं होतं. आठ नग झाले होते. ती एका सकाळीत बावीस करायची. तिला उशीर का होतो म्हणून मी आपटलेली भांडी मला एकेक आठवली आणि मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, ठाऊक आहे, एका पातेल्याला पोचा आलाय.

कमिटीच्या दिवशी सकाळी टेम्पोत ती माझ्याशी हळू आवाजात बोलली. विचारलं तर सांगा, तेल खराब लागलं होतं. विषय संपेल. उगाच चार लोकांत पाल्हाळ नको. मी बरं म्हटलं.

पाच जण आले. पुढे कमिटीच्या अध्यक्षीणबाई, स्वतः निवृत्त न्यायाधीश, फिकट कपड्यांतल्या. मागे मॅनेजर, त्याच्या हातात सहीचं पत्र. हिनं गाद्या अजून मांडल्या नव्हत्या. म्हणाली होती, आधी लाकूड बघू दे. बाई प्रत्येक नगाजवळ थांबल्या. हात फिरवला, वाकून खालून बघितलं. मग एका खुर्चीत सरळ पाठ टेकून बसल्या, चांगल्या दोन-तीन मिनिटं. उठल्या आणि वळून पट्ट्यांच्या पँटवाल्या सभासदाला पाठ दाखवली. त्यानं चष्मा लावून बघितलं आणि मान हलवली. डाग नव्हता.

बाई माझ्याकडे आल्या.

"मिस्त्री, या आमच्या खुर्च्या. तुमचा हात मी डोळे मिटून ओळखेन. मग मागच्या महिन्यात काय झालं होतं?"

तेल खराब होतं, एवढे तीन शब्द तोंडात तयार होते. बोललो असतो तर सगळं पूर्ववत झालं असतं. खुर्च्या वाचल्या असत्या, माझं नाव वाचलं असतं, कुणाचं काही बिघडलं नसतं. ही फरशीच्या त्या टोकाला बसून एका गादीचा गोट सरळ करत होती आणि मुद्दाम इकडे बघत नव्हती. सव्वीस वर्षं अशीच बघत नव्हती.

"बाई," मी म्हटलं, "माझा हात तुम्ही मागच्या महिन्यात बघितलात. सव्वीस वर्षं बघत होतात तो हिचा."

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग मी सगळं सांगितलं, सढळ तेल, दुसरा दिवस, टर्पेंटाईन, फाडलेली चादर, बावन्न सकाळी. चांगलं मोठ्यानं सांगितलं, कारण वेटर मागे उभे होते आणि त्यांनाही ऐकू जायला हवं होतं. तिनं दोनदा अहो, अहो केलं. मी थांबलो नाही.

अध्यक्षीणबाईंनी मॅनेजरच्या हातातलं पत्र घेतलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. मग त्यांनी एक बाक स्वतः ओढत हिच्या खुर्चीजवळ नेला, तिच्या पायाला धक्का लागणार नाही असा बेतानं ठेवला, आणि तिच्यासमोर बसून विचारलं की पुढचं काम कधी घ्यायचं. हिनं माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्याचा अंदाज घेतला, हवेचा घेतला, आणि तारीख सांगितली. वर हेही सांगितलं की फडकी तिची ती आणेल, आणि पुसायला माणूस आहे, नवीन आहे, पण शिकेल.

सगळे हसून माझ्याकडे वळले. माझ्या एका हातात बादली होती, दुसऱ्यात ओली चिंधी, पँटचे गुडघे काळे झालेले. मी त्या क्लबात सव्वीस वर्षं मान वर करून वावरलो, पण त्या दिवशी बादली घेऊन उभा होतो तेवढा ताठ आजवर कधीच उभा राहिलो नव्हतो.